प्राध्यापक सालोमालो

देहू गावात तुकोबांच्या काळी सालोमालो नावाचे एक गृहस्थ होऊन गेले, अशी कथा परंपरेने सांगत आली आहे. गृहस्थांना कीर्तन करण्याची हौस दांडगी; अभंग रचण्याची शक्ती मात्र देवाने दिलेली नव्हती. यावर त्यांनी मोठा सोपा उपाय शोधून काढला. तुकोबांचा अभंग घ्यावयाचा, शेवटच्या चरणातले 'तुका म्हणे' खोडावयाचे आणि त्या जागी 'सालोमालो म्हणे' बसवून मोकळे व्हावयाचे! तुकोबांनी आयुष्यात काय थोडे सोसले? दुष्काळ सोसला, दिवाळे सोसले, वह्या इंद्रायणीत बुडाल्या तेही सोसले. पण ही उचलेगिरी त्यांना सोसवली नाही. गाथा काढून पाहा. सालोमालोचे नाव घेऊन त्याच्या पाठीवर ओढलेले कोरडे तिच्यात आजही उमटलेले आहेत.

आता गंमत अशी की, दुसऱ्याचे शब्द उच्चारणे हा आपल्याकडे कधीच गुन्हा नव्हता. कीर्तनकार काय करतो? दोन-दोन तास तो दुसऱ्याचेच शब्द गातो. पण अभंगाच्या शेवटी 'नामा म्हणे' येते, 'तुका म्हणे' येते, आणि ते म्हणताना त्याचा आवाज चढतो, हात आपोआप जोडले जातात. ज्ञानेश्वरांएवढा अधिकारी पुरुष. पण गीतेवर बोलताना आपण कोणाला वाट विचारीत आलो, हे नोंदवून ठेवायला ते विसरले नाहीत. फार कशाला, आपल्या घरातल्या बायकासुद्धा हा नियम पाळतात. या दिवाळीत आपल्या पुढ्यात जी चकली आली असेल, तिची भाजणी कोणाच्या प्रमाणाची हे आपल्याला न विचारताच कळले असेल. "ही नगरच्या मावशींच्या प्रमाणाची," किंवा "ओगलेबाईंच्या 'रुचिरा'तली," असे सांगूनच बशी पुढे सरकते. चकली बिघडली तर मावशींकडे बोट दाखविता येते, हा त्यातला आणखी एक लाभ!

जो विवेक चकलीच्या भाजणीला आहे, तो आमच्या महाविद्यालयीन विद्येला उरलेला नाही, ही माझी तक्रार आहे.

मी बोलतो आहे ते 'ऑनलाइन अभ्याससामग्री' या नव्या पदार्थाविषयी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, महाविद्यालयांना कुलपे लागली आणि शिकवणे मोबाइलवर गेले. अध्यापकांनी टिपणे करावीत, त्यांची पीडीएफ काढावी आणि ती वर्गाच्या व्हॉट्सॲप-गटावर किंवा महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर चढवावी, अशी रीत पडली. टाळेबंदी उठली, रीत उठली नाही. आणि का उठावी? भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या मुलांना तर ती वरदान ठरावयास हवी होती. (वेल्ह्याला २०२४ पासून सरकारदरबारी राजगड तालुका म्हणतात, लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) वरंध्याच्या वाटेवरचे गाव घ्या की तोरण्याच्या पायथ्याची वाडी घ्या, पावसाळ्यात एक एस.टी. चुकली की दिवस बुडाला. पुस्तकांचे दुकान दूर, ग्रंथालय त्याहून दूर. फोनला रेंज हवी तर पोरांनी टेकाड चढावयाचे. असे टेकाड चढून आलेल्या मुलाच्या हाती एखादे चांगले टिपण पडले, तर त्यासारखे पुण्य नाही. पण त्याच्या हाती पडते काय?

गेली दोन-तीन वर्षे या भागातली ओळखीची मुले आपल्या फोनवरची टिपणे मला दाखवीत आली आहेत. ती कोणत्या महाविद्यालयांत जातात हे मी सांगणार नाही. सांगून काही उपयोगही नाही; बहुतेक ठिकाणी साचा एकच. पहिल्या पानावर सरांचे नाव, नावापुढे पदव्या, आणि ठळक अक्षरांत 'सर्व हक्क सुरक्षित'. दुसऱ्या पानापासून चोरीचा माल! साधा भुरटा चोर निदान ठसे पुसतो. येथे तेवढाही उद्योग केलेला नसतो. 'वरील आकृती ३.२ मध्ये दाखविल्याप्रमाणे' असे वाक्य येते, आणि वर आकृती नसते, खालीही नसते. 'मागील प्रकरणात आपण पाहिलेच आहे,' असे सर म्हणतात, आणि मागे प्रकरणच नसते. वाक्यांच्या शेपटाला चौकोनी कंसात १२, १३ असे आकडे लोंबत असतात. ते विकिपीडियाच्या लेखातले तळटीपांचे आकडे. तळटीपा तिकडेच फलाटावर राहिल्या, आकडे तेवढे गाडीत चढले! एका टिपणात 'आपल्या राज्यातील कावेरी नदी' दुथडी भरून वाहत होती. दुसऱ्या एकात प्रत्येक पानामागे कोण्या तिऱ्हाईत शिकवणीवर्गाचे नाव फिकट अक्षरांत उमटलेले होते, आणि त्यावर सरांनी आपले नाव छापलेले होते. शेजाऱ्याचा सदरा घातला खरा, पण गळपट्टीवरची धोब्याची खूण तशीच राहिली.

मराठी टिपणांची तऱ्हा तर आणखी निराळी. इंग्रजी मजकूर यंत्राच्या तोंडात घालावयाचा आणि पलीकडून जे बाहेर पडेल ते मराठी म्हणून मुलांच्या पानात वाढावयाचे. या मराठीत नदीला दोन 'बँका' असतात आणि तारेतून विजेचा 'चालू' वाहतो. हसू नका. हे वाचून मुलगा परीक्षेला बसतो, आणि ज्याने हे वाढले तोच त्याचा पेपर तपासतो.

एक उदाहरण जरा सावकाश पाहू. पर्यावरणशास्त्र हा विषय पदवीच्या प्रत्येक मुलाला घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणशिक्षण सक्तीचे करावयास सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी अभ्यासक्रम आखला, आणि २००४ मध्ये त्याचे पाठ्यपुस्तकही निघाले. ते लिहिले आपल्या पुण्यातल्याच डॉ. एरच भरुचा यांनी, भारती विद्यापीठाच्या पर्यावरणशिक्षण व संशोधन संस्थेच्या वतीने. हे पुस्तक आयोगाने सर्वांना फुकट खुले करून दिले. म्हणजे चोरी करावयास कारणच उरले नव्हते! 'डॉ. भरुचांच्या पुस्तकातले अमुक प्रकरण वाचा' ही एक ओळ पुरली असती. पण मुलांनी दाखविलेल्या टिपणांत त्याच पुस्तकातले परिच्छेद मला पुन:पुन्हा भेटले, आणि भरुचांचे नाव एकदाही भेटले नाही. देवळात फुकट वाटला जाणारा प्रसाद कोणी चोरतो का? चोरतो. शिरा मीच केला असे सांगावयाचे असले म्हणजे चोरतो.

आणि तसे सांगण्याला मोल आलेले आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत अध्यापकांच्या कामाला गुण ठरवून दिलेले आहेत. विज्ञानातल्या एका संशोधन-निबंधाला ८ गुण, मानव्यविद्येतल्या निबंधाला १०, आणि संपूर्ण अभ्यासक्रमाची चार अंगांची ई-सामग्री तयार केली तर १२! एका घटकाची केली तरी ५. वर्ष-वर्ष दफ्तरे चाळून, खेडी हिंडून एक निबंध लिहिणाऱ्यापेक्षा पीडीएफवाला दोन गुणांनी थोर ठरला! नियमाने व्हॉट्सॲपवरची साधी पीडीएफ या १२ गुणांत बसत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी ध्वनिचित्रफीत, जादा वाचन, स्वाध्याय असे सगळे लागते. पण ई-सामग्रीला भाव आला आहे, ही वार्ता बाजारात पसरायला एवढे पुरे झाले. नॅकचे मूल्यांकन जवळ आले की कोणी किती सामग्री चढविली याचे तक्ते भरावयास बसतात. मी पाहिलेल्या तक्त्यात 'किती' हा रकाना होता. 'कोणाची' हा रकाना नव्हता.

त्याच २०१८ सालच्या जुलैत आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्धही नियम काढले, हे सांगितले पाहिजे. नाही तर आयोगावर अन्याय होईल. प्रबंध यंत्रात घालावयाचा. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ; ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यावयाचा; ६० पर्यंत असेल तर वर्षभर बंदी; ६० च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. वाचून वाटते, झाली आता रामराज्याला सुरुवात! पण याच नियमांच्या व्याख्येत एक खिडकी मोकळी ठेवलेली आहे. गृहपाठ, सत्रनिबंध, प्रकल्प-अहवाल, उत्तरपत्रिका यांना हे नियम लागू नाहीत. म्हणजे पहिलीपासून पदवीपर्यंत पंधरा वर्षे उतरवून काढण्याचा सराव करावयाचा, आणि मग प्रबंध लिहिण्याच्या दिवशी सकाळी उठून एकदम हरिश्चंद्र व्हावयाचे! आणि सरांची टिपणे? ती या यंत्रात कोणी घालून पाहिल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

हा सराव किती पक्का होतो, याचा पुरावा पुण्यातच घडलेला आहे. २०११ साली विकिमीडिया फाउंडेशनने, म्हणजे विकिपीडिया चालविणाऱ्या संस्थेने, पुण्यात एक शिक्षणप्रकल्प सुरू केला. अभियांत्रिकी महाविद्यालय, सिंबायोसिसचे अर्थशास्त्र विद्यालय, एस.एन.डी.टी. अशा नामांकित संस्थांतल्या मुलांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावयाचे, अशी योजना होती. कल्पना उत्तम, सरांच्या कपाटात वाळवीला खाद्य होणारे निबंध जगाने वाचावेत, यापेक्षा चांगले काय? पण लेख आले आणि हाहाकार उडाला. पुस्तकांतून, संकेतस्थळांवरून उचललेल्या मजकुराचा असा लोंढा लोटला की, देशोदेशीचे स्वयंसेवक तो उपसता उपसता थकले. मुलांना बजावले, समजावले, लोंढा थांबेना. अखेर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रकल्पच आवरता घ्यावा लागला.

या प्रकरणाने पुण्याची मान खाली गेली, असे तेव्हा पुष्कळांना वाटले. मला त्या मुलांची कीव येते. ती चोर नव्हती. ती गुणवत्ता यादीतली मुले होती! पुस्तकातले उत्तर जसेच्या तसे लिहिल्याबद्दल दहावीला, बारावीला ज्यांच्या पाठीवर थाप पडली, तीच ही मुले. तीच विद्या त्यांनी जगापुढे मांडली आणि जग एकदम अंगावर का आले हे त्यांना कळेना. फरक एवढाच होता की, त्यांनी लिहिलेले कोणीतरी आयुष्यात पहिल्यांदाच लक्ष देऊन वाचीत होते.

आता या मंडळींच्या वकिलांकडे वळू. त्यांचा पहिला मुद्दा कायद्याचा असतो. शिक्षणासाठी नक्कल केली तर कायद्याने माफ आहे, असे ते मोठ्या ऐटीत सांगतात. खरे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, अध्यापनाच्या ओघात केलेल्या नकलेला मुभा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा बड्या बड्या प्रकाशकांनी २०१२ साली खटला भरला, आणि २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुकानदाराच्या बाजूने कौल दिला. मला त्या निकालाचा आनंदच झाला. गरीब मुलाने हजारो रुपयांची पुस्तके कोठून आणावीत? पण त्या झेरॉक्सच्या पानांवर मूळ लेखकाचे नाव तसेच होते, हे हे वकील सांगत नाहीत. दुकानदाराने पुस्तकाच्या कपाळावर आपले नाव गोंदले नव्हते! त्याच कायद्यात कलम ५७ ही आहे, आणि त्याप्रमाणे हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिले' असे म्हणण्याचा अधिकार लेखकापाशीच राहतो. नक्कल करण्याची मुभा कायद्याने दिली. नाव पुसण्याची दिली नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक बोचतो, कारण त्यात सत्य आहे. तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण अध्यापक डोळ्यांपुढे आणा. नेट-सेट झालेला, पीएच.डी. करणारा, तासाला मोजून मिळणारे मानधन, तेही कधी कधी महिनोन्‌महिने थकलेले. सकाळी स्वारगेटहून निघून तो दोन महाविद्यालयांचे चार तास उरकतो. वरून हुकूम येतो: सोमवारपर्यंत सहा विषयांची सामग्री चढवा! तो काय स्वतःचे मौलिक ग्रंथ लिहीत बसणार? नाही बसणार, आणि त्याने बसावे असे मी म्हणतही नाही. त्याने खुशाल दुसऱ्याचे द्यावे. चांगले निवडून द्यावे. निवड करणे हीही विद्वत्ताच आहे. फक्त कोणाचे ते खाली लिहावे. त्याला अर्धे मिनिट लागते. ज्याला मजकूर उचलायला वेळ मिळाला, त्याला नाव उचलायला मिळत नाही, यावर मी विश्वास कसा ठेवू? आणि ज्यांचे वेतन थकत नाही, ज्यांना बढतीचे गुण मोजून मिळतात, त्या कायमच्या मंडळींना तर ही सबबही नाही. खरे तर पहिला दंड प्राचार्यांना व्हावा. नाव नसलेले टिपण मी चढवू देणार नाही, असे एका प्राचार्याने एका सोमवारी म्हटले, तर मंगळवारपासून अर्धे काम होईल.

(२०२२ च्या अखेरीपासून लिहिणारी यंत्रेही आली आहेत. आता मूळ कोणाचे हे यंत्रालाही सांगता येत नाही, आणि सर म्हणतात, 'पाहा, आम्ही कोणाचेच चोरले नाही!' या विषयाला एक स्वतंत्र दिवाळी अंक लागेल.)

पण एवढे रागावण्यासारखे यात काय आहे, असे कोणी विचारील. मजकूर बरोबर असला म्हणजे झाले. तो भरुचांचा असो की गायकवाडांचा, मुलाला काय करावयाचे आहे?

ज्याला असे वाटते त्याने एकदा भोरजवळच्या कारी गावाची कथा ऐकावी. रोहिड खोऱ्यातले हे गाव कान्होजी जेध्यांच्या घराण्याचे. त्या जेधे देशमुखांच्या दफ्तरात एक शकावली होती, म्हणजे कोणत्या साली काय घडले याच्या ओळी-दोन ओळींच्या नोंदी. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिच्यात शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा दिला होता. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तोवर सर्वत्र मानला जात होता तो शके १५४९ मधला वैशाख. महाराष्ट्रात केवढे वादळ उठले असेल याची कल्पना करा! वर्षानुवर्षे वाद चालला. पण तो चालू शकला, कारण वाद घालणाऱ्याला विचारता येत होते: कागद कोणाच्या घरचा? तो पाहता येईल का? अक्षर कसले? दुसऱ्या कोणत्या कागदाशी जुळतो? आणि याची उत्तरे मिळत होती, कारण प्रसिद्ध करणाऱ्याने घर सांगितले होते. घराचे नावच त्या कागदाला चिकटून राहिले. आज शंभर वर्षांनंतरही ती 'जेधे शकावली'च आहे, 'टिळक शकावली' नाही. टिळकांना ती आपल्या नावावर खपविणे काय अवघड होते? पण मग ती पुराव्याच्या कामाची राहिली नसती. आज १९ फेब्रुवारीला सरकारी सुट्टी मिळते, ती भोर तालुक्यातल्या एका घराचे नाव न पुसल्यामुळे मिळते.

नाव गाळले की नेमके हेच नाहीसे होते. टिपणात कावेरी आपल्या राज्यात आली, हे मुलाला खटकले तर त्याने कोठे जाऊन पडताळावे? सरांकडे? सरांना ते कोठले हे आठवत नाही. चूक एका पीडीएफमधून दुसऱ्या पीडीएफमध्ये, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात हिंडत राहते, आणि तिला 'तू कोणाची?' असे विचारणारा वाटेत कोणी भेटत नाही. शहरातल्या मुलाचे यात थोडे निभते. त्याच्याजवळ दुसरी दहा पुस्तके असतात. टेकाडावर उभे राहून जे मिळाले तेच ज्याचे एकमेव पुस्तक आहे, तो त्या चुकीसकट पदवीधर होतो.

वेल्ह्याकडच्या एका वाडीतल्या मुलीची गोष्ट सांगतो. तिचे नाव, गाव, महाविद्यालय काही विचारू नका. पर्यावरणशास्त्राच्या अभ्यासक्रमात शेवटी क्षेत्रकार्य असते: आपल्या परिसरातला ओढा, डोंगर, माळ, काय असेल ते पाहून त्याची नोंद करावयाची. सगळ्या अभ्यासक्रमात हीच एक जागा अशी आहे की, तेथे वाडीतली मुलगी शहरातल्या मुलीच्या चार पावले पुढे असावी. या मुलीने कानंदीला मिळणारा आपल्या वाडीचा ओढा घेतला. तो कधी आटतो हे तिने आजीला विचारले. पूर्वी अक्षय तृतीयेपर्यंत डोहात पाणी असे, आता होळी झाली की दगड उघडे पडतात, असे आजीने सांगितले. पहिल्या पावसात खेकडे कोठून वर येतात, देवराईत कोणती झाडे आहेत, ओढ्याकाठची कोणती तोडली गेली आणि का, हे तिने गुरांमागे जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारले. नऊ पाने झाली. मी ती वाचली आहेत. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. पण प्रत्येक पानाच्या खाली तिने लिहिले होते: 'हे आजीने सांगितले', 'हे मी स्वतः पाहिले', 'हे धोंडूआबांकडून कळले, पण आजी नाही म्हणते'. ही शेवटची नोंद वाचून तर मी थक्क झालो! कारीच्या कागदावर विद्वानांनी जो वाद घातला, त्याची सगळी रीत या एका ओळीत होती, आणि ती तिला कोणी शिकविलेली नव्हती.

सरांनी शेरा मारला: 'दिलेल्या सामग्रीनुसार लिहावे.' गुण निम्मे. दिलेल्या सामग्रीत 'तलाव परिसंस्था' या विषयाचा एक तयार नमुना होता. वर्गातल्या बाकीच्या मुलांनी तोच उतरविला होता. तिने मला तिच्या दोन मैत्रिणींच्या वह्या आणून दाखविल्या. दोघीही एकाच तळ्यावर, एकाच दिवशी, सकाळी सात वाजता गेल्या होत्या. दोघींना तेथे तीन बगळे दिसले होते. दोघींच्याही मनाला सूर्योदय पाहून प्रसन्न वाटले होते. दोघींच्याही गावात तळे नाही. दोघींनाही पैकीच्या पैकी गुण होते.

मी तिला म्हटले, तुझी वही जपून ठेव, तीच खरी आहे. ती ओशाळवाणी हसली. घरी गुण दाखवावे लागतात, शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडावे लागतात. म्हाताऱ्या माणसाने वही नावाजली म्हणून ते वाढत नाहीत, हे ती मला सांगत नव्हती एवढेच.

पुढच्या सत्रात दुसऱ्या विषयाला पुन्हा प्रकल्प होता. तिने गटावर आलेली पीडीएफ एका रात्रीत उतरवून काढली. पहिल्या पानावर स्वतःचे नाव घातले. या वेळी तिलाही पैकीच्या पैकी मिळाले.